कार्ड टेबलावरून उठता कामा नये

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याजवळ हायवेवर हॉटेल आहे. इंदूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला की तुमच्याकडे जेवल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या क्रेडिट कार्डावर परदेशी साइटची खरेदी निघाली. ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे आणि यात आपला हात असू शकतो का?

असू शकतो. आपल्याकडच्या साइटवर ओटीपी लागतो, पण बाहेरच्या कित्येक साइटना सोळा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि मागचे तीन आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, एवढं पुरतं. कार्डामागची काळी चुंबकीय पट्टी घासून डुप्लिकेट कार्ड बनवण्याचा धंदा चिपमुळे बराच बसला. नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ अखेरपर्यंत बदलून द्या असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं होतं. छापलेले आकडे मात्र उघडेच राहिले. तुमचा वेटर बिलाच्या फोल्डरमध्ये कार्ड घालून काउंटरकडे जातो ना? दोन्ही बाजूंचे फोटो काढायला तेवढी पंधरा पावलं पुष्कळ झाली.

मी स्वतः बरीच वर्षं हॉटेल आणि वर लॉजिंग चालवलं. असाच एक फोन मलाही आला होता. आधी पोरांवर संशय घेतला, दोघांना तर नको ते बोललोही. मग काउंटरखालची बॉक्स फाइल उघडली. आमचा मॅनेजर डिपॉझिटच्या खात्रीसाठी म्हणून आधारबरोबर क्रेडिट कार्डाचीही दोन्ही बाजूंची झेरॉक्स घेत होता. पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर ती फाइल उघडी पडलेली, रात्रपाळीचा पोरगा तिच्यावर डबा ठेवून जेवायचा. झेरॉक्समध्ये आधारवरचा फोटो काळाठिक्कर, पण सीव्हीव्हीचे तीन आकडे स्वच्छ वाचता येत होते. कार्ड कंपन्यांचा पीसीआय डीएसएस म्हणून नियम आहे, त्यानुसार व्यवहार झाल्यावर सीव्हीव्ही कागदावरसुद्धा ठेवता येत नाही. ते मला तेव्हा माहीतच नव्हतं. सगळा गठ्ठा मागच्या अंगणात बसून जाळला. पोरांची माफी मागायला मात्र दोन दिवस लागले.

तेव्हा पहिलं काम, कार्डाचं मशीन टेबलापर्यंत जाऊ द्या. तुम्ही म्हणाल, रेंज फक्त काउंटरपाशी येते. आमच्याकडेही तेच रडगाणं होतं. बँकेकडून वायफायवर चालणारं मशीन मागून घ्या. तोवर गिऱ्हाइकाला काउंटरवर बोलवा, कोणी रागावत नाही. रक्कम टाकली की स्क्रीन आधी त्याच्याकडे वळवायची. टॅप करताना ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, म्हणून हे जास्तच जपायचं.

पिनचं आपल्या भागातलं दुखणं वेगळंच आहे. कापूस विकून आलेला बाबा कार्ड पुढे करतो आणि म्हणतो, "मना चष्मा घर राही गया, तूच टाकी दे भाऊ." आणि चार आकडे अख्ख्या हॉटेलला ऐकू जातात. चांगुलपणाने टाकून देऊ नका. पिन दुसऱ्याला सांगितला म्हणजे गिऱ्हाइकाची चूक धरली जाते, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच गळ्यात पडतं. मी गल्ल्यात एक वाचायचा चष्मा ठेवला होता. हसू नका, तो रोज लागायचा.

कॅमेराही बघून घ्या. गल्ल्यावर नजर म्हणून आपण तो बरोबर डोक्यावर लावतो आणि त्यात कीपॅडवरची बोटं दिसतात. फुटेज तर कोणीही मोबाइलवर बघतो. कोन बदला.

मशीनच्या मागच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा आणि रात्री गल्ला मोजताना तो जुळवा. कार्ड घालायच्या फटीत काही चिकटवलंय का तेही बघा. "अपडेट करायला आलोय" म्हणत कोणी आला तर त्याने दिलेल्या नंबरवर फोन करू नका, आपल्या बँकेला स्वतः विचारा, तोवर चहा पाजा. पोरांना एवढंच सांगा की मशीन कोणाच्या हातात द्यायचं नाही.

आता त्या इंदूरवाल्याचं. "आमच्याकडून काही झालं नाही" हे वाक्य गिळून टाका. त्याला सांगा, कार्ड लगेच ब्लॉक कर, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदव आणि बँकेला लेखी कळव. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत येतो. नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेव, हेही सांगा, बँकेच्या ॲपमध्ये ते बटण असतं.

आणि तुम्ही आजच त्या दिवसाचं फुटेज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, पोलीस मागायला येईपर्यंत ते राहील याचा भरवसा नाही. त्या टेबलाचं बिल आणि चार्जस्लिप, म्हणजे मशीनमधून निघालेली पावती, पेन ड्राइव्हबरोबर एकाच पाकिटात ठेवा.