जास्त वाचलं की माणूस शहाणा होतो का? फ्रेंच निबंधकार मोंतेन काय म्हणतो?

थोडक्यात सांगायचं तर नाही, निदान आपोआप तरी नाही. मोंतेन (१५३३–१५९२) स्वतः प्रचंड वाचणारा होता, बोर्दोजवळच्या त्याच्या वाड्याच्या बुरुजात लायब्ररी होती आणि तिच्या तुळयांवर त्याने ग्रीक-लॅटिन वचनं लिहून घेतली होती, पण मुलाला शिक्षक बघताना तो म्हणतो की डोकं ठासून भरलेला नको, डोकं ठिकाणावर असलेला बघा. पाठांतर म्हणजे ज्ञान नाही हे त्याचं ठाम मत, आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं.

माणसाच्या स्वभावाबद्दल तर तो फारच भारी लिहितो. फ्रान्समधल्या रुआँ शहरात ब्राझीलचे आदिवासी आले होते, त्यातल्या एकाशी तो दुभाष्यामार्फत बोलला. त्या लोकांना नवल काय वाटलं, तर इथे काहीजण खाऊन तुडुंब आणि त्यांच्याच दारात बाकीचे उपाशी भीक मागतायत, तरी ते यांचा गळा कसा धरत नाहीत! ज्यांना सगळे रानटी म्हणायचे त्यांच्या नजरेतून मोंतेनने स्वतःच्या समाजाकडे बघितलं, तेही फ्रान्समध्ये धर्माच्या नावाने कत्तली चालू असताना. सुरुवात करायची तर ही गोष्ट ज्यात आहे तो त्याचा ‘नरभक्षकांविषयी’ (Des Cannibales) हा निबंध आधी वाचा.