मांतेन्या या पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या चित्रातले समुद्रदेव मासे घेऊन का भांडतायत, ही नक्की कुठली कथा?

मासे घेऊन कोण मारामारी करतं हा प्रश्न मलाही पडलेला, कारण हत्यारं म्हणून चक्क माशांची जुडी नि हाडं उगारलीयत. पण कथा म्हणाल तर या चित्राला अशी एक ठरलेली कथा नाहीये, अभ्यासकांचं आजही त्यावर एकमत नाही. रोमन शवपेट्यांवर अर्धे माणूस अर्धे मासे असलेले समुद्रदेव कोरलेले असायचे, ते मांतेन्याने उचलले आणि भांडण आपल्या डोक्यातून लावून दिलं. म्हणून तर सगळे एका ओळीत दाटीवाटीने दिसतात, चित्राला खोली अशी फारशी नाहीच.

भांडणाचं कारण मात्र त्याने चित्रातच लिहून ठेवलंय. डावीकडची ती सुकलेली, स्तन लोंबणारी म्हातारी झूम करून बघा, तिच्या हातातल्या पाटीवर 'इन्व्हिद' लिहिलंय, म्हणजे मत्सर. मागे रोमन समुद्रदेव नेपच्यूनचा पुतळा आहे तो पाठ करून उभा, त्याला काही घेणंदेणं नाही!

आता गंमत ऐका. हे चित्र म्हणजे तांब्याच्या प्लेटेवर कोरून कागदावर छापलेलं प्रिंट, १४७० ते १४९० च्या दरम्यानचं, तेव्हा मांतेन्या इटलीतल्या मांतुआला गोंझागा या राजघराण्याचा दरबारी चित्रकार होता. १४७५ मध्ये सिमोने आर्दित्झोनी नावाच्या कारागिराने थेट मांतुआचा राजा लुदोविको गोंझागाला पत्र लिहिलं की मी झोआन आंद्रेया या दुसऱ्या कलाकाराला प्लेटा परत कोरायला मदत केली म्हणून मांतेन्याने रात्री हत्यारबंद माणसं आमच्या अंगावर घातली. अर्थात ही एकाच बाजूची तक्रार आहे, पण त्याच वर्षी मांतेन्याने जान मार्को कावाल्ली या सोनाराशी करार केलेला सापडलाय, की माझी ड्रॉइंग तांब्यावर कोर पण बाहेर कुणाला दाखवायची नाहीत. मांतेन्याने स्वतः तांब्याला हात तरी लावला का हा वाद आधीपासूनच होता, करार सापडल्यावर तो आणखी पेटलाय. मला विचाराल तर मत्सराचं चित्र काढायला त्याला पुराणात जायची गरजच नव्हती, दारातच होता.

चित्र दोन प्लेटांवर आहे, प्रिंट शेजारी शेजारी ठेवली की लांबी पाऊण मीटरच्या वर जाते. उजवा भाग ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १४९४ मध्ये पेनाने कॉपी केला, तो व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे नि ऑनलाइनही मिळतो. दोन्ही शेजारी उघडून फक्त सावल्या बघा. मांतेन्याच्या रेघा तिरक्या नि समांतर, अंग गोल असो की सपाट त्याच दिशेने जाणाऱ्या, आणि ड्यूररने बाह्यरेषा तशाच ठेवून आतल्या रेघा मात्र स्नायूंच्या गोलाईप्रमाणे वळवल्यात, त्यामुळे तेच दंड नि पाठी जास्त फुगीर वाटतात. तेव्हा तो जेमतेम तेवीस वर्षांचा होता.