सोलापूरच्या उन्हाळ्यात सिगारच्या ह्युमिडॉरमधली ह्युमिडिटी कशी टिकवायची?

तुम्ही विचारलंय की होटगी रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, पन्नास सिगारांचा लाकडी ह्युमिडॉर (सिगार दमट ठेवायची पेटी) भेट मिळालाय, आणि एप्रिल लागल्यापासून ह्युमिडिटीच्या मीटरचा काटा ५५ टक्क्यांच्या वर सरकत नाही. रोज झाकणातल्या स्पंजात पाणी घालताय, तरी तीन सिगारांचं वरचं पान उभं फाटलं. सोलापूरच्या हवेत हे जमतच नाही का, असा प्रश्न आहे.

जमतं. माझ्याकडं अशी एक पेटी बारा वर्षं आहे. धाकटा भाऊ जहाजावर असतो, सिगार तो आणतो आणि सांभाळतो मी. त्याआधी सव्वीस वर्षं मी इथल्याच एका सूतगिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांटवर होतो, म्हणजे खात्यात हवा किती दमट ठेवायची हेच माझं काम. त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

आधी ते रोजचं पाणी घालणं आजपासून थांबवा. तुमचं पान कोरडेपणानं फाटलेलं नाही, असं मला वाटतं. फाटलेले तीन सिगार वरच्या थरात, स्पंजाच्या अगदी खाली होते का ते आठवून बघा. कोरडा झालेला सिगार एकदम ओलीजवळ आला की आतलं पान पाणी पिऊन फुगतं. बाहेरचं पातळ पान तेवढं ताणत नाही आणि शिवणीवर उसवावं तसं फाटतं. कोरडा सिगार पुन्हा ओलीवर आणायचा तर हळूहळू, काही आठवडे घेऊन आणायचा, एका रात्रीत नाही.

आता मूळ गोष्ट. दहा लिटरच्या पेटीत २१ अंशाला ७० टक्के ह्युमिडिटी आहे असं धरलं, तर त्या सगळ्या हवेत मिळून पाणी असतं जेमतेम ०.१३ ग्रॅम. दोन-तीन थेंब. त्याच्या शेकडो पट पाणी लाकडात आणि तंबाखूच्या पानात मुरलेलं असतं. झाकण उघडलं की ते दोन-तीन थेंब उडून जातात आणि डिजिटल मीटर धाडकन खाली येतो. पानाला त्याचा पत्ताही नसतो. तुम्ही मीटर बघून पाणी घालता, म्हणजे हवेला पाणी देता. सांभाळायचं आहे ते पान आणि लाकूड. पेटी बंद करून तीन-चार तास गेल्यावर येणारा आकडाच खरा धरा.

तोही मीटर तपासलेला असेल तर. गिरणीतली एक गोष्ट सांगतो. रिंग फ्रेम खात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांच्या खात्यात, आम्ही ओल्या-सुक्या थर्मामीटरवर ह्युमिडिटी काढायचो. एका एप्रिलमध्ये दुसऱ्या पाळीला सूत सारखं तुटायला लागलं, फ्रेमवर कापूस उडायला लागला. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम म्हणाला, हवा सुकी आहे. मी तक्ता दाखवून म्हणालो, आकडा बरोबर आहे. त्यानं उत्तर दिलं नाही, फक्त तुटलेलं सूत माझ्या तळहातावर ठेवलं. ते कुरकुरीत लागलं. मग ओल्या बल्बवरची कापडी वात काढून पाहिली, तर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ती कडक झाली होती. पाणी नीट उडत नव्हतं, म्हणून बल्ब गार होत नव्हता आणि आकडा खोटा वर दाखवत होता. वात बदलली आणि आकडा जवळजवळ दहानं खाली आला. त्या दिवसापासून आकड्याआधी मी माल हातात घेतो.

तुमचा मीटर तपासायला घरचं मीठ पुरेल. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत ठेवून चांगली बंद करा आणि चोवीस तास घरातच पण उन्हापासून लांब ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, खोली २० अंश असो की ३०. तुमचा मीटर तिथं ६८ दाखवत असेल, तर तो सात कमी दाखवतो एवढं लिहून पेटीच्या तळाला चिकटवा. पेटीसोबत मिळणारे काट्याचे मीटर बहुतेक असेच चुकलेले असतात. तुमचा ५५ कदाचित ५५ नसेलच.

दुसरी शंका लाकडाची. आतलं अस्तर बहुधा स्पॅनिश सीडरचं असेल. नावात सीडर असलं तरी हे झाड देवदाराच्या कुळातलं नाही, आपल्या कडुनिंबाच्या आणि तुणीच्या कुळातलं आहे. नवी पेटी आली की हे लाकूड ठणठणीत कोरडं असतं. त्यात थेट सिगार ठेवले तर लाकूड सिगारांतलंच पाणी ओढतं. तुम्ही पेटी मुरवली होती का, म्हणजे सिगार ठेवण्याआधी लाकडाला ओल पिऊ दिली होती का, हे प्रश्नात कुठं दिसलं नाही. नसेल, तर सिगार बाहेर काढून रबरी वायसर असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. पेटीत बोवेडा कंपनीची, हवा ८४ टक्क्यांवर ठेवणारी पाकिटं टाकून चौदा दिवस झाकण बंद ठेवा. पाकिटं नसतील तर वाटीत डिस्टिल्ड वॉटर ठेवूनही होतं. फडकं ओलं करून लाकूड पुसायची जुनी रीत आहे, ती करू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पृष्ठभाग ओला आणि आत कोरडं असं झालं की फळी वाकते आणि झाकण कधीच नीट बसत नाही. झाकण बसतं का ते आत्ताच बघून घ्या: अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवा आणि फटीतून उजेड येतो का पाहा.

पाणी मात्र डिस्टिल्डच. नळाचं, बोअरचं नको. गिरणीत बोअरच्या पाण्यानं फवाऱ्याच्या नोझलवर असा पांढरा थर बसायचा की दर काही आठवड्यांनी तो तारेनं खरवडायला लागायचा. स्पंजाची भोकं तशीच बुजतात, शिवाय बुरशी धरते.

खरं तर तो स्पंज काढूनच टाका. स्पंज फक्त ओल सोडतो, जास्त झालेली परत घेत नाही. वर सांगितलेली बोवेडाची पाकिटं दोन्ही बाजूंनी काम करतात. मिठाच्या द्रावणाचंच तत्त्व: हवा सुकी झाली की ओल सोडतात, दमट झाली की ओढून घेतात. ६० ग्रॅमचं एक पाकीट पंचवीस सिगारांना, म्हणजे तुमच्या पेटीला दोन. हाताला कडक, खडेसाखरेसारखं लागायला लागलं की संपलं.

कितीचं पाकीट घ्यायचं, याला सोलापूरचं उत्तर वेगळं आहे. पुस्तकी आकडा ७० टक्के आणि २१ अंश. मे महिन्यात तुमच्या वरच्या मजल्यावर, स्लॅब तापल्यावर, आत ३४-३५ अंश होत असणार. हवा ३२ अंशांची असली तरी त्याच ७० टक्क्यांत २१ अंशांच्या जवळजवळ दुप्पट वाफ मावते. बाहेर दुपारी ह्युमिडिटी २०च्या आसपास असते, त्यामुळं फटीतून पाणी दुपटीनं पळतं. आणि गरम हवेत ७० टक्के ओल म्हणजे बुरशीला आणि किड्याला आमंत्रण. मी मार्च ते मे ६५चं पाकीट वापरतो. थंडीत ६९चं.

पेटी कुठं ठेवता यावर अर्धं काम आहे. पश्चिमेच्या भिंतीला नको, वरच्या कप्प्यात नको. मधल्या खोलीत भिंतीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा घ्या. आमचं जुनं घर धाब्याचं आहे, हात-दीड हात जाडीच्या भिंती, तिथं मे महिन्यातही पेटीत २९च्या वर जात नाही. तुमच्याकडं ते नाही, तर पेटीच थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात ठेवा. कूलर असलेली खोली चालते, कारण कूलर हवा गारही करतो आणि दमटही, पण झोताच्या तोंडाशी नको. एसीची खोली गार असली तरी सुकी असते. फ्रीज तर नकोच, तिथं सुकतात आणि कालच्या भाजीचा वास धरतात.

किड्याबद्दल नीट ऐका, कारण आपल्याकडं हा धोका खरा आहे. तंबाखूचा किडा म्हणजे तपकिरी, मोहरीपेक्षा जरा मोठा भुंगेरा. जुन्या हळकुंडांना बारीक भोकं पाडणारा तोच. अंडी पानातच आलेली असू शकतात आणि ऊब मिळाली की फुटतात. म्हणून नवा सिगार आला की मी तो झिपच्या दोन पिशव्यांत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये आणि मग बाहेर, असा आणतो. एकदम बाहेर काढला की पान तडकतं. पेटी मसाल्याच्या डब्यांजवळ ठेवू नका, वासासाठीही आणि या किड्यासाठीही.

पावसाळ्यात उलटं होतं. सोलापूर पर्जन्यछायेत असलं तरी ऑगस्टमधल्या झडीच्या आठवड्यात घरातलं मीठ ओलं होतं. पहिल्या वर्षी मी तेव्हाही पाणी घालत राहिलो आणि चार सिगारांच्या तोंडाशी निळसर-हिरवी केसाळ बुरशी आली. चारही टाकून दिले, पेटी रिकामी करून उघडी वाळवली. भावाला फोन करून सांगताना वाईट वाटलं. मृगाचा पहिला पाऊस झाला की आता मी रोज नाही, पण आठवड्यातून एकदा हात लावून बघतो.

हात लावून म्हणजे कसं, ते आईनं शिकवलं. ती सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळायची. संध्याकाळी तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि सकाळी सूप मांडीवर घेऊन बसली की पहिलं पान अंगठ्यानं आणि बोटानं नुसतं वाकवून बघायची. तडकलं तर पाण्याचा हबका मारून अजून तासभर गुंडाळून ठेवायची. लिबलिबीत लागलं तर पानं सुपात पसरायची. तिनं कधी आकडा बघितला नाही. सिगारही तसाच, मधोमध दोन बोटांत हलकेच दाबा. जरा दबून परत वर आला तर ठीक. कुरकुर ऐकू आली तर सुकलाय. दाबलेला खड्डा तसाच राहिला तर ओल जास्त आहे.

तुमच्या बाकीच्या सिगारांसाठी: हवाबंद डब्यात आधी ६२चं पाकीट घालून दोन आठवडे, मग ६५चं. दर चार-पाच दिवसांनी वरचे खाली, खालचे वर करा. फाटलेले तीन मात्र साठवू नका, ती फट पुढं वाढतच जाते. ओढणार असाल तर तेच आधी संपवा. ओढणं किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. तंबाखूनं काय होतं ते विडीच्या धुळीत आयुष्य काढलेल्या घरात मी पाहिलंय, म्हणून आम्ही दोघं भाऊ दिवाळीत गच्चीवर एकच पेटवतो. मिठाची चाचणी आज रात्री लावा आणि उद्या जो आकडा येईल तो इथं लिहा, मग पाकिटं कितीची घ्यायची ते पक्कं सांगतो.