टोपी मागवण्याआधी

प्रिय मित्रा,

सॅक्सोफोनचा तुझा पहिला कार्यक्रम ठरला, मनापासून अभिनंदन. चपट्या माथ्याची ती पोर्कपाय टोपी मागवू का, असं विचारलंस. हौस असेल तर जरूर मागव. पण ज्याच्यामुळे ती टोपी जॅझमध्ये अजरामर झाली, त्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगची गोष्ट आधी ऐक.

1934 साली फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये तो सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सच्या जागी आला. सगळ्यांच्या कानात हॉकिन्सचा भरदार, जाड सूर बसलेला आणि लेस्टरचा सूर हलका, तरंगणारा. हेंडरसनची बायको त्याला हॉकिन्सच्या रेकॉर्डी ऐकवायची, असं वाजव म्हणायची. त्याने आपला सूर सोडला नाही, काही महिन्यांत बँड सोडला. सॅक्सोफोन तिरका, जवळजवळ आडवा धरायचा, तोही त्याचाच ढंग. चपट्या माथ्याची, रुंद काठाची टोपी आणि लांब कोट हे सगळं त्याच हट्टातून आलं. ती टोपी तो स्वतः हाताने दाबून, घडवून तयार करायचा. अमेरिकेतल्या एबनी मासिकाने 1949 साली त्याचे फोटो छापले होते. मार्च 1959 मध्ये तो गेला. त्याच वर्षी बासवादक चार्ल्स मिंगसने त्याच्या स्मरणार्थ धून रचली आणि तिचं नाव ठेवलं ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’. माणसाचं नाव घ्यायची गरजच पडली नाही!

आता मॉडर्न जॅझ क्वार्टेट हा चौघांचा बँड बघ. पियानोवर जॉन लुईस, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) मिल्ट जॅक्सन. चौघेही टक्सिडो घालून, शिस्तीत रंगमंचावर यायचे. तो अमेरिकेतल्या वर्णभेदाचा काळ होता. ज्या हॉटेलात वाजवायचं तिथेच काळ्या वादकाला पुढच्या दाराने आत जाता येत नसे, अशी कितीतरी ठिकाणं होती. लोकांनी हे संगीत दारूच्या ग्लासावर गप्पा मारत न ऐकता मैफलीसारखं कान देऊन ऐकावं, अशी लुईसची इच्छा होती आणि ते कपडे ती मागणी करत होते. त्यांचे जुने फोटो बघताना मला आजही भरून येतं.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं वेगळं. दंतवैद्याचा मुलगा, कपड्यांचा शौक लहानपणापासून. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजच्या अँडोव्हर शॉप या कपड्यांच्या दुकानातून मऊ खांद्यांची जॅकेटं घ्यायचा. 1958 च्या ‘माइलस्टोन्स’ या अल्बमच्या कव्हरवरचा त्याचा हिरवा शर्ट तू पाहिला असशीलच. दहा-बारा वर्षांनी तोच माणूस चामड्यात आणि झालरींमध्ये दिसतो, कारण तोवर त्याचं वाजवणंही पार बदललं होतं. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीची बेरे टोपी, गायिका बिली हॉलिडेच्या केसांतलं गार्डेनियाचं फूल यांवर सावकाश बोलू.

आपल्या मुंबईतही हे होतंच. 1935 मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा बँड ताज हॉटेलात वाजला, आणि पुढे गोव्याहून आलेल्या वादकांनी दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलात वाजवून हे संगीत इथे जिवंत ठेवलं. त्यांच्याबद्दल जरूर वाच.

तुझ्यापुरतं सांगतो. तू अजून सूर शोधतोयस, तेव्हा नीट बसणारे साधे कपडे घाल. लोकरीचा सूट नको, आपल्याकडच्या दमट हवेत आणि दिव्यांखाली दुसऱ्या गाण्यापर्यंत घामाघूम होशील. शिंप्याकडे जाताना सॅक्सोफोन घेऊन जा. वाजवण्याच्या पवित्र्यात उभा राहा आणि मग त्याला खांदे, काखा मापायला सांग. हात खाली सोडून घेतलेल्या मापाचं जॅकेट वाजवताना काखेत हमखास ओढतं. गळ्यातला पट्टा कॉलरखालून घे, म्हणजे मानेला काचणार नाही. टाय लावलीस तर पिनने शर्टाला अडकव, नाहीतर टाय सॅक्सोफोनच्या कळांमध्ये येते. बूट नवे असतील तर आठवडाभर घरात घालून रियाज कर.

कपडे शिवून आले की फोटो पाठव, आणि काय काय वाजवणार आहेस तेही कळव.

तुझा,
दादा