बाळ बसत नाही? सुरुवातीला एवढंच करा

ताई, अकरा महिने झाले तरी बाळ बसत नाही म्हणून तुमची झोप उडालीय, ते कळतं. माझा मुलगा डाऊन सिंड्रोमचा. अंग इतकं सैल, की कडेवरून निसटायचा. सव्वादोन वर्षांचा झाल्यावर चालला.

आधी एकच सवय लावा: उपडं घालणं. बाळ जागं असताना, दूध पाजल्यावर लगेच नाही. जमिनीवर सतरंजी, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, कोपर पुढे. तुम्ही समोर आडव्या पडा, म्हणजे तुम्हाला बघायला ते मान उचलेल. आमच्याकडे महागड्या खुळखुळ्यापेक्षा वाटी-चमचा जास्त चालला! दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. रडलं की उचला.

हमखास होणाऱ्या चुका:

- पांगुळगाडा. आजी कितीही म्हणोत, नको.
- मालिशवालीकडून हातपाय ओढून घेणं. हलक्या हाताने तेल लावा, पण सैल सांधे ताणू नका.
- उशांच्या कोटात तासन्‌तास बसवणं. मग तोल सावरायला ते शिकणार कधी?

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजा.

फिजिओथेरपिस्टला मात्र लवकर दाखवा. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) असतं, तिथे मोफत होतं. व्यायाम दाखवताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं. व्यायामाचा बॉल, स्प्लिंट (हातापायाला आधार देणारी पट्टी) वगैरे नंतर बघू.

येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागलं किंवा झटके आले, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.