बायबल वाचायचंय, पण कोणतं घेऊ?

प्रश्न: घरात आजीच्या वेळचं जुनं बायबल आहे पण भाषा जड जाते, आम्ही घरी अहिराणीच बोलतो. मोबाईलवर तर चार-पाच मराठी भाषांतरं दिसतात. कोणतं धरू? आणि जाडजूड स्टडी बायबल घ्यावं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: ताई, आजीचं बायबल माळ्यावर नका टाकू, बहुतेक ते बायबल सोसायटीचंच असेल, बऱ्याच चर्चमध्येही तेच वाचतात, त्यामुळे पाठ वचनं त्यातच जमतात. रोजच्या वाचनाला मात्र अ‍ॅपवरचं सोपं भाषांतर घ्या, यूव्हर्जनवर फुकट मिळतं. निवडायच्या आधी स्तोत्र २३ दोन्हींत मोठ्यानं वाचून बघा, सहाच वचनं आहेत, जीभ कुठे अडते ते लगेच कळेल. सोपं म्हणजे हलकं असं काही नसतं हो, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच.

स्टडी बायबल आत्ताच नको, माझं स्पष्ट मत. आपण वचन वाचायच्या आधीच त्यातल्या टीपा वाचत बसतो. समासातले संदर्भ मात्र जरूर बघा. मार्क १६ काढा, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय, नवव्या वचनापासून पुढचा भाग सर्वात जुन्या हस्तलिखितांत नाही, बऱ्याच छापील प्रतींत तिथं कंस किंवा तळटीप असते, तुमच्या प्रतीत आहे का बघा. सुरुवातही मार्कपासूनच करा, १६ अध्याय, पटकन होतात. लेवीय, म्हणजे जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक, नंतर बघू.