ख्रिस्ती निःस्वार्थ प्रेम रोजच्या जगण्यात कसं आणायचं? समोरचा गैरफायदा घेत नाही का?

घेतो की! न घ्यायला काय झालं?

आमचं घर गुरुवार पेठेत, पंच हौदाच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. याच घरावरून थोरल्या काकूने माझ्या वडिलांना कोर्टात खेचलं. ते गेले तेव्हा मातीलाही आली नाही. पुढे तिचं खुब्याचं हाड मोडलं, ससूनमधून घरी सोडलं, तर न्यायला कोणी नाही. मूलबाळ नव्हतंच. मी आणलं. दादा म्हणाला, "भोळसट आहेस. हक्क सोडल्याची सही ती करायची नाही." नाहीच केली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं केल्याशिवाय कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते आणि तिथेच जखम धरते. भांडं द्यायचं, पुसायचं, पाठ कोरडी करायची. हे चालू असताना काकू म्हणणार, "चहा पुन्हा पांचट. तुझ्या आईच्या हातालाही चव नव्हती." चर्चच्या मंडळीतल्या बायका भेटायला आल्या की कौतुक दादाचं, का तर नाताळात तो मोसंबी घेऊन आला होता!

बदल्यात काही नको, असं मला एक दिवसही वाटलं नाही. चहाला बरं म्हणावं एवढं वाटायचंच. पण मनात प्रीती दाटून येईपर्यंत थांबलं तर माणूस ओल्यात पडून राहतो. बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय प्रीतीवरचा, तो लग्नात वाचतात म्हणून लोकांना गोड वाटतो. प्रेषित पौलाने तो आपसात भांडणाऱ्या मंडळीला लिहिला होता.

दादा पंडिता रमाबाईंवर फार छान बोलतो. पाहुण्यांना केडगावला मुक्ती मिशन दाखवायला नेतो. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, त्यांना हाताला काम शिकवलं, छापखानासुद्धा. त्या मुलींच्या उवा आणि खरूज कुणीतरी काढलीच असेल ना? ते दादाच्या भाषणात येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की, जेवायला बोलवायचं तर परतफेड करू न शकणाऱ्याला बोलाव. तुमच्या नात्यात असा एखादा असेलच, बहुधा खडूस. त्याच्यापासून सुरू करा. ब्लँकेटं वाटून फोटो टाकायचं काम करायला माणसं आहेत.

हां, नवरा हात उगारतो, दीर पैसे लुबाडतो, तिथे यातलं काही लावू नका. सरळ बाहेर पडा, पोलिसात जा. आणि रात्रीला बाई ठेवलीत तर 'सेवा आहे' म्हणत तिचे पैसे कापू नका. मी पूर्ण दिले. निम्मे दादा देणार होता. तेरावा अध्याय अपकार स्मरू नका म्हणतो, पण उधारीबद्दल त्यात काही नाही. त्याची सून इथलं वाचते, तिने घरी सांगावं.